बटणावरचा नाडा

पूज्य लाभशंकरमामा,

राजकोटहून कृपालीचा पाया पडून नमस्कार. गुडघा कसा आहे? (आधी प्रकृती विचारावी, मग काम सांगावं, हे तुम्हीच मला घरी पाटीवर शिकवलंत. शिवाय आज तुमच्या गुडघ्यावर बरंच अवलंबून आहे.) मामींना जय महादेव.

दसऱ्याला तुम्ही कारखान्यात केलेली यंत्रांची पूजा जरा जास्तच फळली. पत्रा दाबायचं मोठं मशीन तेलकट होतं, म्हणून तुम्ही पूजेचा लाल नाडा त्यातल्या त्यात स्वच्छ जागी, डाव्या हिरव्या बटणावर करकचून बांधलात (गाय बांधावी तसा). आता त्या मशीनला दोन बटणं अशासाठी आहेत, की दोन्ही हात बटणांवर असले तरच ते खाली यावं. म्हणजे साच्यात एकही हात राहत नाही. तुमच्या नाड्याने डावं बटण कायमचं दाबलेलं राहिलं. मशीन चालवणाऱ्या वशरामभाईंचा डावा हात मोकळा झाला आणि साच्यात पत्रे सरकवू लागला. काम दुप्पट होतंय, आणि रमणीकशेठ मशीनला रोज अगरबत्ती लावतात.

या कारखान्यात सगळ्यांची बोटं शाबूत ठेवणं ही माझी नोकरी. मी कात्री घेऊन गेले, तर वशरामभाई म्हणाले, "बेन, पूजा सांगणाऱ्या गोरदादांचा नाडा कापू? हात झडेल माझा." म्हटलं, "काका, न कापल्यानेच झडेल." ते हसले. मग मी दिवसभर त्यांची डावी बाही धरून उभी राहिले (लोकांना वाटलं, मी आंधळी झाले). काल क्षणभर शिंकले आणि बाही सुटली. मशीन खाली आलं. हात वाचला, मामा, पण बाहीचं बटण पापडासारखं झालं. वशरामभाईंनी ते चपटं बटण कपाळाला लावलं. म्हणाले, "बघा बेन, नाड्यानेच वाचवलं."

आता त्यांचं म्हणणं एकच: ज्याने बांधला त्यानेच सोडावा.

बाकी सर्व कुशल.

आपली आज्ञाधारक,
कृपाली

ता. क. पत्र मिळताच पहिल्या बसने या. नाडा सोडा आणि वशरामभाईंच्या डाव्या मनगटावर बांधा. वर सांगा, की हे मनगट साच्यात गेलं तर देव कोपेल. माझं कोणी ऐकत नाही.

ता. क. दुसरा. पाकीट जड लागलं असेल. आत मशीनची किल्ली आहे, तिच्याशिवाय ते चालू होत नाही. शेठ सकाळपासून ती शोधताहेत. मीही टेबलांखाली वाकून मदत करते आहे. (खोटं बोलले नाही. "इथे नाही," एवढंच म्हटलं.) किल्ली पोस्टाने परत पाठवू नका, स्वतः घेऊन या.