खाऱ्या हवेचं नाव

अष्टमी, मंगळवार संध्याकाळ

ताटावरून तसाच उठलो. जेवण जाईना.

यासीनभायच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे सायलेन्सरच्या नळीवरचा धूर साफ करणारा डबा, आत खडखडत होता, म्हणून उतरवायला घेतला. त्यावर सेन्सर असतो. आधी त्याच्या वायरीचा प्लग काढायचा आणि मगच सेन्सर फिरवायचा, हे गॅरेजमध्ये मीच सगळ्यांना ओरडून सांगतो. आज फोनवर गप्पा मारत पाना लावला. प्लग तसाच राहिला. सेन्सरबरोबर वायरही फिरली आणि पिळून तुटली.

चूक काय, कुणाचीही होते. पण सांगायला काय झालं होतं मला? यासीनभाय येऊन उभा राहिला आणि माझ्या तोंडून निघालं, "खाऱ्या हवेनं खाल्लाय बघ सेन्सर."

इथे याला कोण नाय म्हणणार? दाराच्या कड्या गंजतात आमच्या. तो बिचारा म्हणाला, "माझीच चुकी. गाडी खाडीला लागून लावतो ना."

ती वायर मी खिशात दडवली होती. मघाशी काढून बघितली. गंजाचा डाग नाय. तुटल्या जागी तांबं नव्यासारखं चमकतंय.

आणि आता त्याचा फोन. "गाडी वर रस्त्याला लावली. तिथे खारा वारा नाय. अम्मीला तेवढं चालावं लागेल, पन गाडी टिकेल."

अम्मीचे दोन्ही गुडघे गेलेत. गाडी दारापर्यंत यावी, एवढ्यासाठीच तर त्याने ती घेतली.

वायर हातातच होती.

मी म्हणालो, "व्हय, बरं केलंस."