नजर मागून येते

३ नोव्हेंबर २०२४
डॉक्टरीणबाई आल्या! नाव रेवती, नागपूरच्या. घराण्यात उतरणाऱ्या आजारांवर संशोधन करतात. सोनाळ्याच्या किसनरावांच्या घराण्याची मी काढलेली वंशावळ ओसरीवर पसरली — सात तक्ते, दोनशे चौदा नावं, रेघ न् रेघ पट्टीनं. पुरुष चौकोन, बाई गोल, आजारी तो काळा. बाई एकेका रेघेवरून बोट फिरवत गेल्या. मग — "नीळकंठराव, हे कुठे शिकलात?" अकरावी नापास, दुकानांच्या पाट्या रंगवतो, म्हणालो. पुस्तकं मागवून शिकलो.
छापताना माझं नाव घालणार! इरा म्हणाली, "बाबा, आता तुमचीच पाटी रंगवा." चूक निघता कामा नये.

९ नोव्हेंबर
बाईंसोबत सोनाळा. किसनराव शेहेचाळीसचे. हाक मारली की मान लगेच वळते. डोळे मागे राहतात, मग सरकत सरकत येतात — दुसऱ्या कोणी ढकलत आणल्यासारखे. पुढे चाल जाते, मग जीभ, मग माणूस. औषध नाही.
त्यांची आई रुक्मिणीबाई म्हणाली, "याच्या आजाले तेसष्टव्या वर्षी लागलं. बापाले पंचावन्नव्या. आता याले. तो लवकर लवकर येऊन राह्यला." तो म्हणजे कोण, विचारलं. "याच्या डोळ्याईतून जो पाह्यते, तो."
बाई म्हणाल्या, तो वगैरे कोणी नाही. रक्तातला दोष पिढीगणिक वाढतो, म्हणून आजार लवकर गाठतो. दोन्ही वाक्यं उतरवून घेतली. फारसा फरक वाटला नाही.

११ नोव्हेंबर
बाईंची चूक सापडली! परतताना बसमध्ये म्हणाल्या होत्या — आरशात स्वतःचे डोळे हलताना माणसाला कधीच दिसत नाहीत, इतके ते चपळ असतात. आज दाढी करताना पडताळलं. डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे पाहिलं — सरकताना स्वच्छ दिसले. तीनदा केलं. एवढी शिकलेली बाई, पण आरशासमोर कधी उभी राहिली नसावी. भेटल्यावर सांगणार.

१७ नोव्हेंबर
चौथ्या तक्त्यावर रेघ वाकडी आली. पट्टी असून! नवी पट्टी आणली.

२४ नोव्हेंबर
रुक्मिणीबाईंना तक्ते वाचून दाखवले. तिसऱ्यावर तिनं बोट ठेवलं. तिच्या सासऱ्याचा धाकटा भाऊ. चौकोनावर मी फुली मारलेली — बालपणी मयत.
"हा कुठी मेला, बाबू? काऊन मारला तू याले?"
तुमच्याच घरच्या जुन्या वहीत नाव खोडलेलं आहे, म्हणालो.
"दत्तक देल्ला होता. देल्लं पोरगं म्हणजे या घराले मेलंच. मंग नाव खोडतेतच ना!"
कोणाला दिला?
"जळगाव जामोदच्या कचरू पाटलाले. तिथं भागवत नाव ठेवलं त्याचं."
बसमध्ये चढताना पायरी चुकली.
कचरू पाटील माझे पणजोबा. भागवत माझे आजोबा. दत्तक असल्याचं घरात कोणी कधी बोललं नाही. आजोबा अडतिसाव्या वर्षी साप चावून गेले. आजाराला वेळच मिळाला नाही. बाबा बावन्नाव्या वर्षी विहिरीत पडले. लोक म्हणाले, पिऊन झोकांड्या देत होता. बाबांनी दारूला कधी हात लावला नव्हता.
मी अठ्ठेचाळीस.

२५ नोव्हेंबर
फुली खोडली. आठवा तक्ता जोडला — भागवत, बाबा, मी. माझा चौकोन काळा केला. रंग रेघेबाहेर गेला.
आरशाबद्दल चूक बाईंची नव्हती.
इराचा गोल कोरा ठेवला. एकुलती एक, बावीस वर्षांची. रविवारी चिखलीहून पाहुणे तिला बघायला येणार. बायकोला, शैलजाला, काही सांगितलं नाही.

२६ नोव्हेंबर
सकाळी दोघींना आरशासमोर बसवलं. एक गंमत आहे, म्हणालो, डाव्या डोळ्याकडून उजव्याकडे पाहा.
शैलजा — "कुठं काय हलते? काहीतरीच तुमचं!"
इरा हसली. "मले तर दिसतात, बाबा. आई, नीट पाह्य ना वं!"