गुना बोलते

नारपोली, भिवंडी
२० नोव्हेंबर १९९५

प्रिय माधवी,

तात्यांचं तेरावं झालं आणि तू दुसऱ्या दिवशी ड्युटीवर गेलीस. तेव्हापासून तुला लिहीन लिहीन म्हणतेय. घरात कोणी हसत नाही गं. आजोबांना त्र्याऐंशीव्या वर्षी मरण आलं, सोनं झालं, असं येणारेजाणारे म्हणतात. पण आजीचं काय? तिचे ओठ वाचणारा एकच माणूस होता, तोच गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडून असते, घास घेत नाही. बाबा तिच्यापुढे बसून, "आय, काय पायजे?" असं विचारत राहतात आणि मग उठून बाहेर जातात.

तात्यांनी अंजूर गाव सोडून छत्तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात काढली. लूमच्या खडखडाटात कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळेच एकमेकांचे ओठ वाचतात. तात्या त्यात पटाईत. मालक गुलाम हुसेन शेठ पार त्या टोकाला काही पुटपुटले, तरी हे इथून हात जोडून म्हणायचे, "सलाम शेठ, आप को भी वैसाच!" लग्नाच्या पंगतीत समोरचे व्याही काय कुजबुजतायत ते सांगून त्यांनी आपल्याला किती वेळा ठसका आणलाय, आठव. आईचे डोळे वटारलेले असायचे आणि हसू तिलाही आवरायचं नाही.

शहाऐंशी साली आजीला, तात्यांच्या गुनाला, अर्धांगवायू झाला आणि तिची वाचा गेली. सगळे तिच्याभोवती रडत होतो. तात्यांनी तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाले, "रडता कशाला? गुना बोलते, भाजी करपली, बघा कोनीतरी." आई धावली. भाजी खरोखरच करपत होती.

मग नऊ वर्षं आजीनेच घर चालवलं. गुना बोलते, सुनेला दोन दिस माहेरी धाडा. गुना बोलते, पाव्हन्यांचा च्या निस्ता पानी हाय. सगळ्यात जास्त बोलणी तात्यांनाच बसायची. "गुना बोलते, म्हातारा येडा हाय, तंबाखू सोडत न्हाय," हे ते स्वतःच सगळ्यांसमोर सांगायचे, आणि एक दिवस पुडी खरोखर फेकून दिली. तुझ्या नर्सिंगला बाबांनी ठाम नाही म्हटलं होतं. तेव्हाही तात्या बाबांना म्हणाले, "गुना बोलते, लडकू, पोरीला शिकूं दे. माझे अंगाला हात लावनारी कोन तरी शिकलेली पायजे." बाबांनी स्वतःच्या आईचा शब्द कधी खाली पडू दिला नाही. आठवड्यात तुझी ट्रंक भरली.

तू गेल्यावर आजीने खाणं टाकलं म्हणून मी डॉक्टरांना घरी बोलावलं. बाबा कामावर होते. मी ओठांचं सांगितलं, तसे त्यांनी तिला नीट तपासलं. मला बाहेर नेऊन म्हणाले, तिला समजतं सगळं, पण मेंदूतली बोलायची जागाच गेलीय. ओठ हलतात, त्यात शब्द नाहीत. बहुतेक पहिल्या दिवसापासूनच नसावेत.

माधवी, मी दाराची चौकट धरून उभी राहिले. नऊ वर्षांचा शब्दन् शब्द तात्यांचा! मला राग यायला हवा होता, पण मी थक्क झाले आणि अजून तशीच आहे. भांडी घासताना एकेक वाक्य आठवत बसते. त्यांनी आजीच्या तोंडून आईला विसावा दिला, तुला शिक्षण दिलं, स्वतःसाठी कधी एक कप चहाही मागितला नाही. स्वतःच्या वाट्याला नुसत्या शिव्या घेतल्या, आणि त्याही पाळल्या! आणि आजीला तर सगळं कळत होतं. ते चुकीचं बोलले की ती चांगल्या हाताने त्यांच्या मनगटावर चापट मारायची, आणि ते लगेच, "हां हां, चुकलो," म्हणून बदलायचे. मग हे शब्द कोणाचे? मला खरंच सांगता येत नाही. एवढं मोठं माणूस आपल्याकडे रोज लसणीची चटणी मागून जेवत होतं आणि आपण त्याला नुसता गमत्या समजलो.

काल सकाळी मी त्यांच्या जागेवर बसले आणि मोठ्याने म्हटलं, "आजी बोलते, कमळीची पेज गोड हाय." आजी माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने माझ्या मनगटावर चापट मारली. मी म्हटलं, "बरं, मीठ न्हाय?" तिने तोंड उघडलं. वाटीभर पेज संपवली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, माझ्याही.

आता लिहायचं कारण. गुरुवारी बाबा आजीला घेऊन तुझ्या हॉस्पिटलात येतायत. तिकडचे मोठे डॉक्टर तिचे ओठ वाचून तिचं बोलणं समजावून सांगतील, या आशेवर आहेत. मी जे चौकटीशी ऐकलं, तेच तिथे कोणीतरी त्यांना सहज सांगून टाकेल. गेल्याच महिन्यात त्यांचे वडील गेले. तू दर दिवाळीला येऊन आजीला भरवायचीस, तिचा जबडा चाचपायचीस. तू नर्सिंगच्या पहिल्या वर्षीच ओळखलं असणार आणि गप्प राहिलीस, हो ना? मी रागावले नाही. फक्त बाबा पोचायच्या आधी तू त्या डॉक्टरांना भेट आणि सगळं समजावून सांग. बाबांची आई नऊ वर्षं त्यांच्याशी बोलली आहे. ते तसंच राहू दे.

तुझीच,
कमळ