दहावा प्रश्न

विहीणबाई, सादर नमस्कार.

आपल्या कन्येचं अक्षर ब्रह्मदेवालाही लागणार नाही, म्हणून आज दवाखान्यात गर्भवतीच्या मनःस्थितीचा फॉर्म मीच भरला. संस्कृतचे पेपर तपासणारा हात. दहाही प्रश्नांना ‘कधीच नाही’.

नर्स म्हणाली, “मावशी, तुम्ही ठणठणीत आहात. आता सूनबाईंना भरू द्या.” मी हसले.

तिने माझ्याशेजारीच बसून भरला. ‘स्वतःला इजा करावीशी वाटते का?’ खूण केली: ‘बऱ्याचदा’. सकाळीच मी तिला ‘प्रसन्नवदने’ म्हणून चिडवलं होतं.

ती आत डॉक्टरांशी बोलते आहे. जाताना म्हणाली, “आईला कळवू नका, घाबरेल.” म्हणून हे पत्र पर्समध्येच राहील. मग दारातून वळली. “तुम्ही इथेच बसाल ना?”

बसले आहे.

शेजारच्या खोलीत राहून काहीही न कळलेली,
आपली विहीण