चुन्याची निवळी

४ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यात घडी करून ठेवलेली लिंबाची पानं पोचली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, पानं नेहमीपेक्षा बारीक. जस्त कमी पडल्याचं हे लक्षण आहे. भाऊ जस्ताच्या कारखान्यात आणि बापाच्या बागेत जस्ताचा तुटवडा, लोक हसतील आपल्याला.

आजच झिंक सल्फेटची गोणी रवाना केली. आमचा बराच माल कृत्रिम रेशमाच्या गिरणीला जातो, धागा बळकट व्हावा म्हणून. थोडा मुलामा चढवणाऱ्यांकडे, उरलेला शेतीला. ही गोणी मात्र मी स्वतः प्रयोगशाळेत तपासून बाजूला काढली आहे. खडे खडीसाखरेसारखे दिसतात, म्हणून चाखून बघू नकोस. तुझा नेम नाही. फवारताना चुन्याची निवळी मिसळायची, नाहीतर पानं करपतात, हे अण्णांना सांगायची माझी काय बिशाद? लहानपणी आपल्याकडून त्यांनी ते पाढ्यासारखं घोकून घेतलंय.

अण्णा हल्ली तुझ्या पत्रात आपल्या दोन ओळी घालत नाहीत. माझ्यावर रागावले आहेत का, ते कळव.

लोभ आहेच, कान उपटलेस तरी चालेल.

तुझा धाकटा

२७ ऑगस्ट

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

लिहायला हात धजत नाही. बाग करपली. अण्णांनी पंप स्वतःच्या पाठीवर घेतला, गड्याला हातसुद्धा लावू दिला नाही. चार दिवसांत पानांच्या कडा तपकिरी झाल्या, कोवळे शेंडे आक्रसले आणि बारकी फळं गळून पडली. आई गेल्यापासून ते माणसांपेक्षा या झाडांशीच जास्त बोलतात, तुला ठाऊक आहे. आता बागेकडे पाठ करून खुर्चीत बसतात.

काल खतांच्या दुकानात, चारचौघांत ते म्हणाले की आमच्या जस्तरावांनी बापालाच टाकाऊ माल पाठवला. आजवर जस्तराव म्हणताना त्यांचा चेहरा कसा फुलायचा. मलाही तुझा राग आलाय, खोटं कशाला बोलू? घरच्यांसाठी तरी नीट बघायचं होतंस.

जेवणाखाण्याची आबाळ करू नकोस. रागावले असले तरी बहीणच आहे.

तुझी ताई

५ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर कामात लक्ष लागलं नाही. त्याच घाण्यातला राखून ठेवलेला नमुना पुन्हा तपासला, मग आमच्या प्रमुखांकडूनही तपासून घेतला. माल चोख आहे, पानं जाळील असा आम्लाचा अंशसुद्धा नाही. तपासणीत माझ्या हातून चूक होत नाही एवढीच काय ती माझी कमाई, आणि तिलाच अण्णांनी चारचौघांत नावं ठेवली. फार लागलं.

एक विचारतो, रागावू नकोस. फवारणीच्या पाण्यात निवळी पडली होती ना? अण्णांबद्दल असं विचारतानाही लाज वाटते, पण एकदा बघ.

तुझा राग निवळेपर्यंत वाट पाहणारा,

तुझा धाकटा

१३ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

बादली सापडली. शेवटच्या झाडाखाली होती. चुना तळाशी बसलेला, वर नितळ पाणी, त्यावर पातळ साय धरलेली. कचरा पडू नये म्हणून अण्णांनी बादलीच्या तोंडाला फडकं बांधलं होतं, त्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. सगळं निगुतीनं केलं आणि ओतायचंच विसरले.

आता मागचं एकेक उलगडतंय. मधे चष्मा पिठाच्या डब्यात मिळाला, तेव्हा मी हसले होते. चहा झाल्यावर पुन्हा चहा मागतात, ती मला सवय वाटायची. त्यांनी तुला ओळी लिहिल्या नाहीत तो राग नव्हता रे, लिहायला बसायचे आणि तसेच उठायचे. बादली मी गुपचूप रिकामी केली आणि मोरीत बसून रडले. त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगू, तूच सांग.

चुकलंमाकलं पोटात घाल.

तुझी ताई

१९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काही सांगू नकोस. माल खराब निघाला, तपासताना माझीच चूक झाली, असं मी आज अण्णांना लिहिलंय. दुकानातल्या लोकांनाही तेच खरं वाटू दे. माझी अब्रू काय, पुढच्या घाण्याला पुन्हा कमावता येईल. त्यांचा स्वतःवरचा भरवसा एकदा गेला की मी कुठून आणू?

तू सावर. सगळं तुझ्या एकटीच्या अंगावर पडलंय हे मला कळतं.

तुझा धाकटा

३० सप्टेंबर

चि. जस्तरावांस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. चूक माझीच, असं लिहिलंयस. लहानपणी खोटं बोलताना तू खाली बघायचास. पत्रात तर तेवढंही करावं लागत नाही.

शेवटच्या झाडाखाली मातीवर चुन्याचं पांढरं कडं उरलंय. ताईनं बादली उचलली, पण ते तिला दिसलं नाही. मला दिसलं, आणि सगळं लक्षात आलं. त्याच पावली दुकानात गेलो आणि सांगून आलो की माल चोख होता, हात माझा चुकला. तुझ्या कामाला लावलेला बट्टा मीच पुसला. ताईला यातलं काही बोलू नकोस. मला काही ठाऊक नाही असं तिला वाटतंय, त्यात तिला बरं वाटत असेल तर वाटू दे.

झाडांची काळजी नको. मुळं शाबूत आहेत, नवी पालवी फुटेल. पुढची फवारणी तू ये आणि कर. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन.

वर जस्तराव लिहिलंय, ते या वेळी लाडानं नाही. तुझं खरं नाव सकाळपासून आठवतोय. ताईला विचारवत नाही. पाकिटावरचा पत्ता तिच्याकडूनच लिहून घेईन. चेहरा मात्र अजून स्पष्ट दिसतो. तो दिसतोय तोवर ये.

आशीर्वाद आहेतच.

अण्णा