दुःखी कोंबडी, उजवं हृदय

१२ जून २००५, शिरूर
ताजी बातमी: हृदय डावीकडे बसायचं की उजवीकडे, यात सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा हात आहे. तेही मेंदू तयार होण्याआधी! परदेशी शास्त्रज्ञांनी बेडकाच्या आणि कोंबडीच्या गर्भात त्याचं काम औषधानं अडवलं, तर अवयव भलत्या बाजूला गेले. दुजोरा: खुद्द मी, सायबर कॅफेत.
सेरोटोनिन कमी म्हणजे उदासी. म्हणजे कोंबडी उदास ठेवली की पिल्लांचं हृदय उजवीकडे. औषधाची गरजच नाही. इतकं सोपं त्यांना कसं सुचलं नाही?

१४ जून
प्राचार्यांना सांगितलं. नोव्हेंबरात पुण्याच्या सेमिनारला पेपर वाचला तर झूलॉजीचं हेडपद माझं. नाहीतर मोनिका मॅडमचं. मॅडमनी विचारलं, कोंबडी उदास आहे हे ओळखणार कसं? मत्सर. बारा वर्षं वर्गात शिकवतोय. उदास चेहरे मला ओळखता येतात.

१९ जून, खुटबाव
सासुरवाडीला खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवून घेतली. सासूबाईंना, म्हणजे शेवंतामामींना, पद्धत समजावली: रोज टाकून बोलायचं, दाणे उशिरा द्यायचे. त्या म्हणाल्या, "जावईबापू, बसल्या कोंबडीला असं बोलू न्हाई. बोलायचंच तर मामास्नी बोला, ते बी बसूनच हायेत." मामा हसले. त्यांना विज्ञान नवीन आहे.

२६ जून, खुटबाव
घोटाळा. मामी कोंबडीला बाजरी भिजवून घालतात! तातडीनं टोपलीपाशी बसून तिला बराच वेळ बोललो. तिनं डोळे मिटले. तीव्र नैराश्य, अशी नोंद केली. सुलक्षणा म्हणाली, तिला झोप आलीय, माझ्या माहेरी शोभा करू नका. बायकोचं मत पेपरात घेणार नाही.

१० जुलै, खुटबाव
पिल्लं आली! हृदय बघायला आता फाडायला हवं. एक हातात घेतलं. फार मऊ लागलं. शिवाय एवढ्याशा हृदयाची बाजू कळणार नाही. मोठी होऊ द्यावीत. निर्णय पूर्णपणे शास्त्रीय.

२१ ऑगस्ट, खुटबाव
फाडणार होतो, पण ब्लेड विसरलो. स्टेथोस्कोप होता. ठोके उजवीकडेच वाटले. पिल्लू उलटं धरलं होतं, पण तो तपशील. काही पिल्लं मुंगसानं नेली. त्यात सिद्धांताचा दोष नाही.

१८ सप्टेंबर
निष्कर्ष लिहून टाकला: सर्व हृदयं उजवीकडे. बाकीचा पेपर मागाहून. प्राचार्य खूश. मोनिका मॅडमचा हट्ट, एक तरी पिल्लू डोळ्यांसमोर फाडा. ठरलं, सहा नोव्हेंबरला खुटबावला. अवश्य या म्हटलं.

५ नोव्हेंबर, खुटबाव, दुपारी
भाऊबीजेपासून इथंच आहे. जेवण झकास. रस्सा दोनदा घेतला. हात धुताना मामींना म्हणालो, उद्या पाहुणे यायच्या आत पिल्लं टोपलीखाली डालून ठेवा.
मामी म्हणाल्या, "अवो, मग काल आन् आज काय खाल्लंत? जावई आल्यावर कापायचं न्हाई, तर कवा?"
सगळी?
"सगळीच. हायेत कितीशी!"
हृदय कुठल्या बाजूला होतं, विचारलं. मामा म्हणाले, "सोलताना कोण बघतंय, पाव्हणं? मानाचं म्हणून तुमच्याच वाटीत वाढलं व्हतं."
चव आठवते. बाजू नाही.
उरलेला रस्सा मामींनी उद्याच्या पाहुण्यांसाठी झाकून ठेवलाय. प्राचार्य आणि मॅडम सकाळी पोचतील. मॅडम डिसेक्शनची पेटी घेऊन येताहेत.