नंबराशी निकाह लागत नाही

असलूये, गॅस कारखान्याचा कॅम्प, १० मुर्दाद १३८६

तूबा जान, सलाम.

'तुला वाटेल ते कर' असं मी म्हटलं म्हणजे मला काही देणंघेणं नाही, असा अर्थ होत नाही. हे ईदेला घरी आलो तेव्हा सांगितलं, फोनवर सांगितलं, आता लिहूनही देतो. तरी तुझ्या पत्रात पहिल्याच ओळीत तेच. 'तू लांब आहेस, तुझं बरं आहे.' बरं कसलं गं? इथे सावलीतल्या लोखंडालासुद्धा हात लावता येत नाही. समुद्र समोर आहे, पण त्यात पाय घातला की चुलीवर उकळणाऱ्या शूलीच्या आमटीत घातल्यासारखं वाटतं.

फोनवर मी गप्प असतो, कारण फोन आईच्या खोलीत आहे. तू बोलतेस तेव्हा तिच्या तसबीहचे मणी सरकलेले मला इथे ऐकू येतात. त्यात काय बोलायचं? म्हणून हे पत्र. माझं अक्षर तुला माहीत आहे. पाचवीत शाळा सुटली, त्यानंतर हजेरीवर सही सोडून मी काही लिहिलेलं नाही. समजून वाच.

तू पाठवलेले कोत्ताब ट्रकवाल्या मश्दी यहयाने नीट पोचवले. माझ्या खोलीत केरामत म्हणून लोर जमातीचा एक वेल्डर आहे, त्याने अर्धा डबा एकट्याने संपवला. वर म्हणतो, "तुमच्या यज़्दची माणसं कंजूस, पण मिठाई मात्र मोकळ्या हाताने करतात." मी त्याच्या हाताखाली काम करतो. तो जोडतो, मी ग्राइंडर मारून घासतो. परवा ठिणगी उडून माझा हात भाजला. केरामतने ओरडून सांगितलं तेव्हा मला कळलं. दुखलं नाही. हल्ली असंच होतं. जेवण जेवतो, पण चव विचारलीस तर सांगता येणार नाही.

मागच्या महिन्यात परांचीवरून एक बलुची माणूस पडून मेला. आमच्या कोणाच्या ओळखीचा नव्हता. हजेरीत त्याचा नंबर होता, पण गाव कुठलं, बाप कोण, हे विचारायचं कोणाला सुचलंच नव्हतं. त्याला घरी न्यायला उशीर झाला तो त्यामुळेच.

हे मी तुला का लिहितोय कोण जाणे. तुझ्या प्रश्नाकडे यायचंय.

तू लिहिलंस, 'इमाम रज़ाची शपथ घेऊन लिही की त्या बाईबद्दल तुला काहीच माहीत नाही. तेवढं लिहिलंस तर मी शनिवारी यज़्दला जाते आणि डॉक्टरीणबाईंना म्हणते की तो गोठवलेला गर्भ ठेवा. नाहीतर जात नाही. आपल्या दोघांमध्ये तिसरं कोणी मला नको.'

मश्दी यहया उद्या ट्रक घेऊन निघतो. शुक्रवारी हे पत्र तुझ्या हातात पडेल. म्हणजे शनिवारच्या आत उत्तर मिळेल, ती काळजी करू नकोस.

सदीकेचं मला अजून आठवतं. ईदेच्या जेवणाला तुझी बहीण सगळ्यांसमोर पुलावाची परात ठेवत म्हणाली, "घे गं माझ्याकडचं बीज! तीन पोरं झाली, आता मला काय बाजार भरवायचाय?" तुझा मेहुणा खाली मान घालून हसला. तूही हसलीस. मग तू स्वयंपाकघरात गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस. मी आत आलो तर तू धुतलेलेच पेले पुन्हा धूत होतीस. म्हणालीस, "दर शुक्रवारी ती जेवायला येणार आणि माझ्या पोराच्या नाकाकडे बघणार. ती काही बोलणार नाही रे. पण बघणार." मी तेव्हा म्हणालो, तुला वाटेल ते कर. चुकलं असेल. पण मला खरंच दुसरं काही सुचलं नाही.

तसंही आईने तो दरवाजा बंदच केला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की निकाहाची गरज नाही, मोठमोठ्या आलिमांनी तसं सांगितलंय. पण आईचं म्हणणं, आपल्या मशिदीचे हाजी आगा सांगतील तेच. आणि हाजी आगा म्हणाले, बीज देणाऱ्या बाईशी नवऱ्याचा मुदतीचा निकाह लावा, काही तासांचा का होईना, म्हणजे मनात किंतू राहणार नाही. मग सदीके कशी चालेल? तिला नवरा आहे. आणि नसता तरी दोन सख्ख्या बहिणी एका पुरुषाला एकदम चालत नाहीत. राहिली दवाखान्याची अनोळखी बाई. ऑफिसातल्या माणसाने सांगितलं होतं तेवढंच आपल्याला माहीत होतं. तब्येत चांगली, नवरा नाही, एक मुलगी आहे, नंबर सतरा. तू म्हणालीस, सतराच बरी. सतराला नाक नसतं.

निकाह लागला ते तुला माहीत आहे. तू त्या दिवशी गेली नाहीस, बरं केलंस. आईने घरी येऊन तुला सांगितलं की हाजी आगांनी नुसता नंबर वाचला. तुझी झोप जाऊ नये म्हणून सांगितलं असेल. तिच्यावर रागावू नकोस.

नंबर वाचला नाही, तूबा.

मी पाइपांच्या ढिगाजवळ होतो. दुपारची अजान नुकतीच झाली होती. हाजी आगांचा फोन आला. "नेमत, आम्ही दवाखान्याच्या ऑफिसात बसलोय. पडद्यापलीकडे त्या बाई आहेत. तुझी आई इथेच आहे. नीट ऐकू येतंय ना?" मी ग्राइंडर बंद केला. म्हणालो, येतंय.

मग ऑफिसातल्या माणसाचा आवाज आला, "हाजी आगा, आमच्याकडे नाव घेत नाहीत. तुम्ही सतरा नंबर म्हणा, पुरे."

हाजी आगा शांतपणे म्हणाले, "बाळा, नंबराशी निकाह लागत नाही. बाईशी लागतो. आणि उद्या यांचं पोर लग्नाचं झालं, मेयबोद एवढंसं गाव, मुलगी कुठली कुणाची हे बघायची वेळ आली, तर मी काय सतराला विचारायला जाऊ?"

तो माणूस काहीतरी पुटपुटला. आणि हाजी आगांनी नाव घेतलं. तिचं, आणि तिच्या बापाचं. विचारलं, अमक्या रकमेच्या मेहरवर, आत्तापासून मगरिबपर्यंत, तुमच्या वतीने मी वाचू का? ती थोडी खोकली. मग होकार दिला, "बले." बस, तेवढाच आवाज. साधा होता. कोणाचाही असू शकेल असा. मग मला विचारलं आणि मी कबूल म्हणालो.

तेवढ्यात मुकादम ओरडला, "ए यज़्दी, फोन ठेव!" आणि केरामत मागून म्हणतो, "काय रे, कोणाला कबूल केलंस? मुकादमाला? मग मेहर रोख माग, त्याचा भरवसा नाही!" सगळे हसले. मीही हसलो असेन.

मग आम्ही जेवलो. भात आणि डब्यातला मासा. मला वाटत होतं की आता काहीतरी वाटेल. लाज, नाहीतर भीती, नाहीतर आनंद. ईदेला गोठवून ठेवलेलं माझं बीज घेऊन पोराचं पाऊल तिकडे काचेच्या नळीत पडतंय आणि मी इकडे भात कालवतोय. काहीच वाटलं नाही. दुपारभर पाइप घासले. संध्याकाळी कॅम्पच्या भोंग्यावर मगरिबची अजान झाली आणि ते संपलं. मुदत संपली की निकाह आपोआप संपतो, तलाक लागत नाही, कोणी काही बोलावं लागत नाही. मी तेव्हा नळावर हात धूत होतो. ग्रीस निघत नव्हतं.

तर हे असं आहे. शपथ मी घेऊ शकत नाही. मला तिचं नाव माहीत आहे, तिच्या बापाचं माहीत आहे, आणि ती एक शब्द कसा बोलते ते माहीत आहे. बाकी काही नाही. मी विचारलं नाही, शोधलं नाही. केरामतलाही सांगितलेलं नाही, आणि त्याला तर मी सगळं सांगतो, तुझ्या माझ्या भांडणासकट. इथेही ते नाव लिहीत नाही. तू मागितलंस तरच लिहीन.

विसरून जाऊन मग शपथ घ्यावी, असंही मनात आलं. बरेच दिवस प्रयत्न केला. जात नाही. आणि मग तो बलुची पडला. तेव्हापासून विसरायचा प्रयत्न सोडला. हाजी आगा म्हातारे आहेत, आई तर ऐकूनही ऐकलं नाही म्हणते. मी रोज परांचीवर चढतो. एका पोराच्या जन्माचं अर्धं कुठून आलं, हे जगात कोणाला तरी ठाऊक असायला हवं की नको? त्या बाईला मुलगी आहे. आपल्याला मुलगा झाला तर? मेयबोदमध्ये लग्नं गल्लीतल्या गल्लीत जमतात. सतरा नंबर हा शब्द वीस वर्षांनी कोणाला विचारायचा?

तू म्हणशील, आधी हाच म्हणत होता की अनोळखी बरी. होय, म्हणत होतो. तेव्हा मला वाटायचं की अनोळखी म्हणजे कोणीच नाही. पण ती खोकली, तूबा. कोणीच नाही, ते खोकत नाही.

तू लिहिलंस की मातीच्या भांड्यांच्या कारखान्यात महिनाभर तू ताटांवर नुसते मासे रंगवतेस, सूर्याचं तोंड काढतच नाहीस, उस्ताद बडबडतात. का काढत नाहीस ते तू लिहिलं नाहीस. मी ओळखलं. इथे माझ्या उशाशी तुझा तो जुना वाडगा आहे, सूर्यबाईचं तोंड असलेला. केरामत रोज तिला सलाम ठोकतो, "वहिनी, आज भाजी खारट होती." ते तोंड तू काढलेलं आहे, म्हणून ते तुझंच आहे. रंग कुठल्या दुकानातून आणला ते कोणी विचारत नाही. पोराचंही मी असंच धरतो. पोटात तू वाढवशील, दूध तू पाजशील. दूध पाजलं की ते शरियतीनेही तुझं आणि गल्लीच्या नजरेतही तुझं. नाकाचं नाक बघून घेईल.

'तुला वाटेल ते कर' हे आज लिहीत नाही. शनिवारी जा, असं लिहितो. माझ्याकडून हे एकदाच स्पष्ट घे. पण माझ्या शपथेवर जाऊ नकोस, कारण ती खोटी होईल, आणि खोट्या शपथेवर पोर यायला नको. हे सगळं कळूनही जायचं असेल तर जा. नाही गेलीस तर मी पुढच्या सुट्टीत घरी येईन, आपण चहा पिऊ, आणि मी हे पुन्हा काढणार नाही. तेही खरं आहे.

एक काम राहिलंय. दवाखान्याने त्या बाईला त्यांचे ठरलेले पैसे दिले, म्हणून आई म्हणते की आता वेगळं काही द्यायला नको. पण मेहर दवाखान्याचा नसतो. मेहर मी कबूल केला होता, माझ्या तोंडाने. तो अजून दिलेला नाही. ते पैसे मी रुमालात वेगळे बांधले आहेत, घरखर्चात मिसळू नकोस. ऑफिसात जाऊन 'सतरा नंबरला द्या' म्हणालीस तर ते पोचवतील, आणि ती सतराच राहील. किंवा मला फोन कर. आई शेजारी असली तरी चालेल, तू फक्त 'सांग' एवढंच म्हण. मी नाव सांगेन, आणि तू स्वतःच्या हाताने देऊन ये. तिच्या नाकाकडे बघायचं की नाही, ते तिथे गेल्यावर बघ.

यातलं कुठलं करायचं ते मात्र खरंच तुला वाटेल ते कर. हे मी गप्प बसायला म्हणत नाही. हे तुझंच आहे, म्हणून म्हणतो.

सदीकेला सलाम. आईच्या गुडघ्यांना मलम लाव, ती स्वतः लावत नाही.

त्या दुपारी मगरिबपर्यंत अर्धा, आणि त्याआधी नि त्यानंतर सगळा तुझाच,
नेमत

मश्दी यहयाकडे दिलेले: घराला आणि औषधांना तीन लाख तुमान. रुमालातले, तिचे, पन्नास हजार.